खंडूअण्णांचा शिंगाच्या रंगाचा पाय

पाय परत आला. वंदनाताईंनी तो टॉवेलात गुंडाळून आणला होता आणि माझ्या टेबलावर इतक्या हळुवारपणे ठेवला, की क्षणभर मला वाटलं शेतातले आंबे आणलेत.

"अण्णा म्हणाले, पाय चांगलाय, माणूस जुना झाला. कुणा गरजवंताला देऊन टाका म्हणाले."

मला आधी राग आला, मग वाईट वाटलं. माझं नेहमी याच क्रमाने होतं. कृत्रिम पाय म्हणजे काही आखूड झालेला स्वेटर नव्हे, धाकट्या भावाला चढवायला. पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टम्प म्हणतो. तो ज्या वाटीत बसतो ते सॉकेट. सॉकेट एकाच माणसाच्या मापाचं असतं, दुसऱ्याला ते लागतं तरी किंवा निसटतं तरी. हे सगळं मी वंदनाताईंना जरा चढ्या आवाजात ऐकवलं. त्या खंडूअण्णांच्या सूनबाई, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत. वर्गात कुणी आरडाओरडा केला तर गप्प उभं राहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या गप्प उभ्या राहिल्या. मीच खाली बसले.

मी प्रोस्थेटिस्ट आहे. धाराशिवला एका छोट्या वर्कशॉपमध्ये आम्ही कृत्रिम हातपाय बनवतो. मालक देशपांडे सर प्लास्टरवाले, म्हणजे सगळं माप हाताने घेणारे. मी लॅपटॉपवाली. स्कॅनरने पायाचं माप घ्यायचं, स्क्रीनवर मॉडेल करायचं आणि थ्रीडी प्रिंटरवर कव्हर काढायचं, हे मी हट्टाने शिकून आले. पायाच्या आत एक पाइप असतो, त्याच्यावर हे कव्हर बसतं. चालण्यासाठी त्याची गरज नसते. ते दिसण्यासाठी असतं. सर म्हणायचे, "लोकांना चालायचं असतं, मॉडेलिंग नाही करायचं." मला असा एक पेशंट हवा होता ज्याला दिसण्याची पडलेली असेल.

तो ईट गावाहून आला. खंडूअण्णा. वय साठीच्या अलीकडे, पांढरं स्वच्छ धोतर, मिशीला तेल. घर मेंढपाळांचं, मेंढरं अजून धाकटा भाऊ राखतो. अण्णा मात्र तरुणपणापासून जनावरांच्या बाजारात दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यात सौदा जुळवणारा माणूस. दीड वर्षापूर्वी बाजाराहून परतताना पिकअप उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. काखेत काठ्या घेऊन ते आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू माझेच दात तपासणार आहेत.

मी सगळ्यांना विचारते तेच विचारलं. "अण्णा, कसा पाय पाहिजे?"

बाकीचे पेशंट सांगतात, शेतात जाता आलं पाहिजे, जिना चढता आला पाहिजे. अण्णा म्हणाले, "बगनारी जळली पायजेत."

"अण्णा!" वंदनाताई ओशाळल्या.

"का? खरं सांगू नको व्हय? मॅडम, बाजारात आता माज्याशी कुनी घासाघीसच करंना. म्या भाव सांगितला की माना डोलवत्यात. परवा एका बैलजोडीचा मुद्दाम येड्यावानी भाव सांगितला. म्हनलं, आता तरी कुनी खवळंल. तर गडी म्हनतोय, असू द्या अण्णा, तुमच्या शब्दाभाईर न्हाय आमी." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "त्यानं बैलाकडं बगून पैसं दिलं न्हाईत. ह्या काठीकडं बगून दिलं. भाव लागला तो माजा. तीस वरसं बाजारात शिव्या खाल्ल्या म्या. आता कुनी शिवी बी देईना. मेल्यावानी वाटतंय."

माझ्याकडे पेशंट रडतात, त्याची मला सवय आहे. शिव्या मिळत नाहीत म्हणून डोळे भरून आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. मला तो त्या क्षणी फार आवडला. मी वहीत लिहून घेतलं: कीव नको, हेवा हवा. एवढी स्पष्ट ऑर्डर मला आजवर कुणी दिलेली नाही.

कामाला लागले. आधी स्टम्पचा स्कॅन, मग धडक्या उजव्या पायाचा. धडक्या पायाचं मॉडेल कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखं उलटवलं की डाव्या पायाचा आकार मिळतो. पण दीड वर्ष एकट्याने भार उचलून अण्णांची उजवी पोटरी अशी फुगली होती की उलटवल्यावर डावा पाय थेट आखाड्यातून आल्यासारखा दिसत होता. तो तासून तासून माणसात आणला. मग आली डिझाइनची पाळी. पहिलं मी माझ्या आवडीने केलं. काळं, चकचकीत, भोकाभोकांची जाळी असलेलं. शहरात असले पाय लोक हाफ पँट घालून मिरवतात.

अण्णांनी स्क्रीनवर बघितलं. "ही सायलेन्सरची जाळी हाय. बाजारात गेलो तर ह्यात वैरण अडकंल."

दुसरं लाकडाच्या रंगाचं केलं.

"हा पलंगाचा पाय."

"मग काय करू, तुम्हीच सांगा," मी म्हटलं. माझा आवाज पुन्हा चढला असावा, कारण पलीकडून सरांनी मान वर केली.

अण्णांनी खिशातून पितळेची एक लहानशी टोपी काढून टेबलावर ठेवली. शेंबी. बैलाच्या शिंगाच्या टोकावर बसवतात ती. "पोळ्याला शिंग तासत्यात, तेल लावून घोटत्यात. मग त्यात तोंड दिसतंय. बुडाला पिवळसर, वर काळं व्हत जानारं. असं शिंग बगितलं की मानूस दुसऱ्याचा बैल बगून बी उभा ऱ्हातोय. तसा पाय करा."

ते अगदी बरोबर होतं. शिंग आणि पोटरी, दोन्हींना तोच बाक, दोन्ही खाली निमुळती होत जातात. मग तीन आठवडे मी शिंगांचे फोटो बघत बसले. घरी नवऱ्याने विचारलं, नोकरी बदलतेयस का. गुडघ्याखाली मधाचा रंग ठेवला, खाली येता येता काळा केला, मधे शिंगावर असतात तशी अंधूक वळी आणि घोट्याच्या वर पितळी रंगाची पट्टी. रंगाचे नमुने तीनदा फसले. चौथ्यांदा जमलं. वरून पॉलिश मी स्वतः हाताने केलं, कापडाने घोटून.

"पाय करतेयस की पोळ्याची मिरवणूक?" सरांनी विचारलं. पण मी जेवायला गेले तेव्हा ते पट्टीवरून बोट फिरवत होते. मला काचेतून दिसलं.

फिटिंगला अण्णा तीनदा आले. फिटिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अलाइनमेंट. सॉकेट, पाइप आणि पाऊल एकमेकांशी कुठल्या कोनात आहेत ते. कोन जरासा चुकला तरी माणूस पुढे कलतो किंवा मागे. मी अण्णांना आमच्या लांब खोलीत चालवलं, थांबवलं, स्क्रू फिरवला, पुन्हा चालवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि दहा फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीला मुद्दाम धोतर जरा वर धरून. मी टाळ्या वाजवल्या. ते गाडीत बसायला गेले तेव्हा मी आत बसून मोबाइलवर पायाचे फोटो बघत होते. बाहेर गेले नाही. त्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

आणि आता तोच पाय टॉवेलात.

"झालं काय नेमकं?" मी वंदनाताईंना विचारलं.

त्यांनी सांगितलं. अण्णा बाजाराला गेले. शर्ट नवा, धोतर नवं, पाय तर नवाच. लोक गोळा झाले, वाहवा झाली. मग ते एका म्हशीकडे निघाले आणि पाचव्या की सहाव्या पावलाला गुडघा पुढे गेला. सगळ्या बाजारासमोर पडले. चौघांनी उचललं, कुणी धूळ झटकली, कुणी चहा पाजला. त्या म्हशीच्या मालकाने तर न विचारता भाव कमी केला.

"त्या दिवसापासून बाजाराला गेले नाहीत. घरात पाय घालायचे, चांगले चालायचे. बाहेर पडले की म्हणायचे, मला उतारावरनं चालल्यासारखं होतंय. आमच्या दारात कुठला उतार? मग परवा म्हणाले, नेऊन दे."

देशपांडे सरांनी पाय हातात घेतला, सगळीकडून बघितला. "स्टम्प बारीक झाला असेल. सॉकेट सैल पडलं की असं होतं."

"घरात चांगले चालतात म्हणतायत सर."

"मग वय. आत्मविश्वास गेला. होतं असं. सोडून दे."

"नाही सोडणार. उद्या ईटला जाते."

"तुझं सुंदर कव्हर परत आलं म्हणून जातेयस. अण्णांना चालता येत नाही म्हणून नाही."

हे मला लागलं. कारण थोडं खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली नाही, सरळ सांगून ईटला गेले.

अण्णांचं घर गावाच्या कडेला. दारात लिंब, दोन बैल, कोपऱ्यात शेळ्या. अण्णा मला बघून उठायला लागले आणि मग ओशाळून बसले. पाय परत करणारा माणूस पाय करणारीसमोर कसा उठेल, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

"मॅडम, तुमची चूक न्हाय. आमचंच नशीब."

"नशीब मागून बघू. आधी पाय घाला."

घातला. घरात चालले. चुलीपासून देवघरापर्यंत, देवघरापासून दारापर्यंत. चाल इतकी सरळ होती की मला माझ्याच डोळ्यांचा संशय आला. सॉकेट तपासलं, घट्ट. स्क्रू तपासले, जागेवर.

"आता बाहेर," मी म्हटलं.

अण्णा उंबऱ्यावर बसले. कोनाड्यातून वहाणा काढल्या. जाड चामड्याच्या, तेल पाजलेल्या, टाच चांगली दोन बोटं उंच. आधी उजवी घातली. मग डावी, अंगठा अंगठ्याच्या जागी सरकवून, दोन्ही हातांनी. आणि उभे राहिले.

गुडघा पुढे गेला. माझ्यासमोर, मला दिसेल असा.

मी तिथेच पायरीवर बसले. आमच्या वर्कशॉपला नियम आहे, चपला बाहेर काढायच्या. धूळ आत आली की प्रिंटर बिघडतो. तीन वेळा अण्णा आले, तीनही वेळा दाराबाहेर एकच वहाण होती, उजवी. मी ती ओलांडून आत-बाहेर करत होते. आमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, हील हाइट, म्हणजे पेशंट घालतो त्या चपलेची टाच किती उंच. इथले लोक घालतात त्या चपला सपाट, म्हणून मी शून्य लिहिलं होतं. विचारलं नव्हतं. सगळी अलाइनमेंट अनवाणी पायावर केली. आता टाचेखाली दोन बोटं उंची आली, की पाऊल पुढे झुकतं, पाइप पुढे झुकतो आणि गुडघ्याला वाटतं आपण उतारावर आहोत. अण्णा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते, शब्दन् शब्द.

"अण्णा, या वहाणा घालून एकदाही का आला नाहीत आत?"

"आत? तिथं मानसाला पाय देता तुमी. तिथं वहाना घालून शिरू व्हय?" ते खरोखरच दुखावले. "आन् ही डावी तर आनायचीच कशाला? घालायला पाय कुठं हुता?"

दीड वर्ष ती डावी वहाण कोनाड्यात होती. दर महिन्याला दोन्हींना तेल लावत होते ते. वंदनाताईंनी हे सांगितलं आणि आत चहा ठेवायला गेल्या.

मी अण्णांची माफी मागितली. म्हटलं, चूक माझी आहे, शंभर टक्के माझी, तुम्ही जुने झालेला नाहीत. अण्णांनी एकदा वहाणांकडे बघितलं. मग एकदम हसायला लागले. "म्हंजी म्या पडलो न्हाय. तुमी पाडलं!"

"हो."

"मग चांगलंय की!" आणि बैलांकडे तोंड करून म्हणाले, "ऐकलं का रं? मॅडमनं पाडलं." इतका आनंद मी कुणाला माझ्या चुकीचा झालेला बघितलेला नाही.

आता दुरुस्ती. ती दिसते तितकी सोपी नव्हती. टाचेच्या उंचीला कोन जुळवला तर घरात, देवळात, अनवाणी चालताना माणूस मागे कलणार. सरांना फोन लावला.

"टाचेची उंची कमीजास्त होणारं पाऊल मिळतं," सर म्हणाले. "पण ते बाजारात, शेणामातीत किती टिकेल सांगता येत नाही. त्यापेक्षा टाच काप म्हणावं."

मी अण्णांना विचारलं, "टाच कापली तर?"

"त्यापरीस मान कापा."

पर्याय अण्णांनीच काढला. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं की तो पर्याय आहे. ते म्हणाले, "ह्या वहाना शिवनाऱ्या लिंबाजीला तरी इचारा. वाशीत बसतोय." आम्ही त्याच दुपारी जवळच्याच वाशी गावात गेलो. लिंबाजीकाका दुकानाच्या ओट्यावर बसून एका बुटाला टाके घालत होते. मी लॅपटॉप उघडला, मॉडेल दाखवलं, कोन दाखवले, बाण दाखवले. काकांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. त्यांनी अण्णांचा डावा पाय मांडीवर घेतला, पावलाखाली अंगठा फिरवला आणि विचारलं, "ह्याचा घोटा वाकत न्हाय?"

"नाही."

"मग सोपं हाय. वहान आतून सपाट करतो. टाच हाय तेवढी ठेवतो, फुडं बी तेवढाच चामड्याचा थर चढवतो. बाजूनं असं तासतो की भायरून टाचवालीच दिसंल. फुडचं टोक जरा वर उचलून देतो, न्हायतर पाऊल उचलताना अडकंल."

ते टोक उचलण्याचं मला शिकायला एक सेमिस्टर लागलं होतं. काकांनी विचारलं, तुम्ही कुठं शिकलात हे? मी म्हटलं, अजून शिकतेय.

आठ दिवसांनी वहाण झाली. अण्णा ती घालून वर्कशॉपला आले आणि दारात थबकले. मी म्हटलं, "आत या. वहाणांसकट." सर प्रिंटरवर चादर टाकायला धावले. अण्णा दहा फेऱ्या चालले, मग बाहेर रस्त्यावर, मग रस्त्याच्या कडेला मातीत. या वेळी मी प्रत्येक पावलामागे होते. मग वहाण काढायला लावून आत पुन्हा चालवलं. दोन्हीकडे चाल एक.

पुढच्या बाजाराला मी वंदनाताईंबरोबर कळंबला गेले. म्हटलं, दुरून बघू. धूळ, हंबरणं, शेणाचा वास आणि मधोमध अण्णा. एका खिल्लारी जोडीपाशी ते उभे होते, समोर एक जाडसर गिऱ्हाईक. दोघांचे हात रुमालाखाली. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, अशी तिथली रीत. गिऱ्हाइकाने हात झटकून बाहेर काढला.

"लुटायलाव का काय अण्णा? ही बैलं हायत का हत्ती?"

"हत्ती बगायला तुज्याकडं डोळं कुठं हायत?"

"चला. तुमच्या नादी लागलं की घरदार जातंय." आणि तो गडी पाठ फिरवून ताडताड निघाला.

मला वाटलं, सौदा फिसकटला. वंदनाताईंनी माझा दंड धरला. "मॅडम, हेच. हेच पाहिजे होतं." मग त्यांनी मला समजावलं. सौद्यात गिऱ्हाईक रुसून निघून जातं. ते जाण्यासाठी जात नाही, दलालाने मागे यावं म्हणून जातं. काठीवरच्या माणसाला मागे कसं यायला लावायचं, म्हणून दीड वर्ष कुणी अण्णांवर रुसलंच नव्हतं.

अण्णांनी त्याला बरंच लांब जाऊ दिलं. मिशीवरून हात फिरवला. मग निघाले. बैलांच्या दाव्यांवरून, शेणातून, लोकांना बाजूला सारत, ना काठी ना आधार. मी सवयीने पावलं मोजत होते, मग मोजायची विसरले. त्यांनी त्या माणसाला पार चहाच्या टपरीपाशी गाठलं, खांद्याला धरून फिरवला आणि ओढत परत आणला. दोघं मोठमोठ्याने भांडत होते. रुमाल पुन्हा हातांवर पडला.

मला रडू आलं. बाजारात शेळ्यांमध्ये उभी राहून मी रडले, सांगायला लाज नाही.

सौदा झाल्यावर अण्णा आमच्याकडे आले. घामाघूम, चेहरा उजळलेला, पण तक्रार तयार. "बगा की मॅडम. एवढा शिंगावानी पाय, आन् त्या गाढवानं एकदा खाली बगितलं न्हाय. सारा येळ भावच भाव."

खरं सांगायचं तर मलाही थोडं लागलं. तीन आठवडे शिंगं बघितली होती मी.

तेव्हापासून नवा पेशंट अपॉइंटमेंटसाठी फोन करतो तेव्हा मी एकच सूचना देते. रिपोर्ट विसरलात तरी चालेल. चपला आणा. दोन्ही.